झाकणीत जेवणारी आई

माझ्या आईला ताटात जेवताना बघितल्याचं मला फारसं आठवत नाही. म्हणजे लग्नाकार्यात, सणावाराला जेवली असेल, पण ठाण्याच्या खारकर आळीतल्या आमच्या घरी रोज दुपारी ती झाकणीत जेवायची. भाजीच्या कढईवर जर्मनची झाकणी असते ना, ती उलटी करायची, कढईच्या तळाला राहिलेल्या भाजीत मूठभर भात घालून कढई पुसून घ्यायची, तो भात झाकणीत, सकाळची एखादी वातड झालेली पोळी, लोणच्याची फोड, आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या पाच मिनिटांत जेवण उरकलं. मी एकदा विचारलं होतं, ताट का नाही घेत गं, तर म्हणाली, एका माणसासाठी अजून एक ताट कशाला खरकटं करायचं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, शेजारच्या काकूपण तशाच जेवायच्या.

आणि हीच आई आमच्या अख्ख्या नात्यात बांध्यासाठी फेमस होती. ४६ किलो. दोन बाळंतपणं झाली तरी जशीच्या तशी, लग्नातला ब्लाउज पन्नाशीत पण होतोय, हे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ते कौतुक संपलं की सगळ्यांच्या नजरा हळूच माझ्याकडे वळायच्या. ही बाबांवर गेलीये. हिचं हाडच मोठंय. अंग धरलंय हो पोरीने. आम्ही सीकेपी, घरात खाण्याचं भारी प्रेम, रविवारी मटण, सोड्याची खिचडी, वालाचं बिरडं, दिवाळीत कानवले, आणि गंमत वाटेल पण आग्रह करून वाढणारे आणि खाल्लं की बघणारे हात-डोळे एकाच माणसाचे असायचे. एका केळवणाला आत्याने माझ्या पानात दुसरा कानवला वाढला आणि पाठ वळल्यावर काकूला म्हणाली, हिच्यासाठी आता स्थळं बघायचीत, हिच्या आईला जरा सांगायला हवं. मी एकवीस वर्षांची होते. तो कानवला पानात तसाच राहिला, आणि खरं सांगते, त्यानंतर वीसेक वर्षं मी कुठल्याही पंगतीत निवांत जेवले नाही. घास तोंडात असताना कोण बघतंय हे आधी बघायचे.

डाएट सगळे केले. दुधीचा रस, नुसतं सूप, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप, भात कायमचा बंद, मग पोळी बंद, मग फळंसुद्धा बंद कारण कुणीतरी सांगितलं फळात साखर असते. पण सगळ्यात वाईट होतं ते मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर केलेलं, चुलतभावाचं लग्न होतं आणि मी तेव्हा ७० किलो होते. घराजवळच एक स्लिमिंग सेंटर होतं, तिथे साठ दिवसांचं पॅकेज घेतलं. दिवसाला ९०० कॅलरी. सकाळी एक इडली चटणीशिवाय, दुपारी वाटीभर काकडी आणि एक फुलका, रात्री सूप. रोज वजनाच्या काट्यावर उभं करायचे आणि काटा हलला नसेल तर तिथली मुलगी सगळ्यांसमोर विचारायची, काल काय खाल्लंत ताई खरं सांगा. आणि मी, एका कंपनीत बारा माणसांची टीम सांभाळणारी बाई, खाली मान घालून सांगायचे की मुलाच्या डब्यातले दोन शेंगदाणे खाल्ले.

९ किलो उतरलं. ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत माझ्या डोळ्यासमोर अंधारी यायची, दांड्याला धरून मी ऐरोली यायची वाट बघायचे, न्हाणीघरात केसांचा गुंता जाळीत अडकून पाणी तुंबायचं. आणि ऑफिसात लिफ्टपासून कँटीनपर्यंत जो तो म्हणायचा, काय दिसतेयस, वॉव, सीक्रेट काय. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त कौतुक मिळालं ते मी सगळ्यात आजारी असताना. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा फक्त इतकंच कळत होतं की रात्री झोप येत नाही, घरातले झोपले की मी मोबाईलचा आवाज बंद करून रेसिपीचे व्हिडिओ बघत बसायचे. कोंबडीवडे, पुरणपोळी, कुणीतरी पंजाबी माणूस भटुरे तळतोय ते. तासन्‌तास. मला वाटायचं मी हावरट आहे, माझ्यातच काहीतरी खोट आहे. चौदा महिन्यांत वजन ७३ वर गेलं, म्हणजे उतरलेले नऊ परत आले आणि वर तीन.

खूप नंतर, अशीच वाचता वाचता मला मिनेसोटाच्या त्या प्रयोगाबद्दल कळलं आणि मी अक्षरशः रडले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण पुरुष घेतले, धडधाकट, मनाने खंबीर, युद्धात बंदूक धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले आणि देशासाठी काहीतरी करायचं म्हणून स्वतःहून आलेले. युरोपात लोक उपाशी मरत होते, त्यांना परत खायला कसं घालायचं हे शिकायचं होतं, म्हणून या मुलांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण १५७० कॅलरी. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने कमी झालं, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती मुलं बदलली. चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, थंडी वाजायला लागली, दिवसरात्र जेवणाबद्दलच बोलायची, ताटल्या चाटायची, आणि ज्यांनी कधी चहा केला नव्हता ती मुलं रेसिपीची पुस्तकं जमवून वाचत बसायची. रेसिपीची पुस्तकं! मी रात्री दीडला भटुरे तळताना बघत होते ना, तेच. त्यांना परत पोटभर मिळायला लागल्यावरसुद्धा कितीतरी दिवस पोट भरल्यासारखं वाटत नव्हतं आणि बऱ्याच जणांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. म्हणजे माझ्यात खोट नव्हती. उपाशी शरीर जे करतं ते माझं शरीर करत होतं, मला जगवायला धडपडत होतं, आणि मी त्याला शत्रू समजून अजून दाबत होते. १५७० वर त्या मुलांची ती गत झाली आणि मला कुणीतरी ९०० वर ठेवलं होतं, माझेच पैसे घेऊन.

आता आईकडे येते, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आई ६१ ची असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनआधी रक्त तपासतात तसं तपासलं आणि शुगर वाढलेली निघाली, मग एचबीएवनसी केलं, म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते ते, तर ८.९. साडेसहा किंवा त्याच्या पुढे गेलं की डायबेटिस. नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि सगळ्यांचा सूर एकच, अगं तुला कसा काय, तू तर एवढी बारीक. आईलापण तोच प्रश्न पडला होता, तिला जरा अपमान झाल्यासारखंच वाटत होतं. गोड ती फारसं खायची नाही, उरायचंच नाही तिच्यासाठी.

पाचपाखाडीतल्या आमच्या डॉक्टरबाईंकडे मी तिला घेऊन गेले. बाईंनी टेबलाच्या खणातून शिंप्याकडे असते तशी टेप काढली. बरगडी जिथे संपते आणि कमरेचं हाड जिथे सुरू होतं त्याच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. आई ८४ सेंटिमीटर. मग म्हणाल्या तू पण ये, तर मी ९४. भारतीय बायकांना ८० च्या आत हवं आणि पुरुषांना ९० च्या आत. आईचे हातपाय काडीसारखे होते पण पदराआड पोट सुटलेलं होतं, आणि ते आम्ही कुणी कधी बघितलंच नव्हतं कारण वजनकाटा चांगला आकडा दाखवत होता. माझंही त्याच वेळी रक्त तपासलं, ५.९ आलं, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. मी तेव्हा ७४ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचं माप, बरोबर ३०. आईचा २०.४, कुठल्याही तक्त्यात अगदी आदर्श. आणि डायबेटिस तिला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, काकू, तुमच्या अंगात चरबी आहे आणि मसल नाहीये. जेवल्यावर रक्तात जी साखर येते ती सगळ्यात जास्त मसल ओढून घेतात, ते गोदामच लहान असेल तर साखर जाणार कुठे, रक्तातच फिरत राहणार. मग त्यांनी मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबद्दल सांगितलं, केईएम हॉस्पिटलचे. ते आणि लंडनचे जॉन युडकिन असे दोघे, दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३, पण मोजलं तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, मी घरी येऊन शोधला, बघण्यासारखा आहे, दोन सडपातळ माणसं, बाहेरून फरक कळतच नाही. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांवर जे काम केलं त्यातून दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाने कमी पण तुलनेने चरबी जास्त अशी असतात, आणि त्याचा धागा आईच्या पोषणापर्यंत मागे जातो. हे वाचताना मला ती जर्मनची झाकणी डोळ्यासमोर आली. आणि माझी आजी पण तशीच जेवत असणार असं वाटलं, कारण आजी तर कोण जेवलं कोण राहिलं हे बघून झाल्यावर बसायची.

बीएमआय हे माप काढलं ते बेल्जियमच्या केटले नावाच्या माणसाने, १८३० च्या दशकात. तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि आकडेशास्त्रातला माणूस होता, त्याला लोकसंख्येची सरासरी काढायची होती. त्या मापाला बीएमआय हे नाव मिळालं ते १९७२ मध्ये, आणि ते देणारा अँसेल कीज, तोच मिनेसोटावाला. बीएमआय टाकाऊ आहे असं मी म्हणत नाहीये, माझा ३० होता आणि त्याची काळजी करायलाच हवी होती, उलट आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी रेघ अजून खाली आणली, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, कारण आपल्याला कमी वजनातच त्रास सुरू होतात. पण आईसारख्या बाईला तो आकडा चाळीस वर्षं शाबासकी देत राहिला, त्याचं काय करायचं.

त्या दिवशी एक गोष्ट झाली जी मला आजही नवल वाटते. डॉक्टरांनी आईला सांगितलं तुमचं वजन दोन-तीन किलो वाढायला हवं, आणि मला सांगितलं तुझं पाच-सहा किलो उतरायला हवं, आणि दोघींना त्यांच्या ओळखीच्या एकाच डाएटिशियनकडे पाठवलं, आणि तिने दोघींना जवळजवळ एकच ताट काढून दिलं. भूक बघून पोळी-भाताचं माप तेवढं इकडेतिकडे.

ती डाएटिशियन पोरगेलीशीच होती. तिने आईला विचारलं, आजी, काल दुपारी काय जेवलात. आई गप्प. परवा? आई म्हणाली, जे उरलं होतं ते. तिने खरंच फॉर्मवर 'उरलेलं' असं लिहिलं आणि पेन थांबवलं. मग एकेक करून विचारत गेली, चहात दूध किती, पोळ्या किती, आमटीतली डाळ येते का वाटीत की वरचं पाणीच, आणि हिशेब केला तर आईच्या पोटात दिवसाला प्रोटीन जात होतं जेमतेम २५ ग्रॅम. तिच्या वजनाला निदान ३८ तरी हवं. उसळीतली उसळ आम्ही खायचो आणि तिच्या वाट्याला रस यायचा, बिरड्यातल्या डाळिंब्या आम्हाला आणि ती वाटी पुसून घ्यायची, मटणाचं तर बोलायलाच नको. सोलणारी ती, निवडणारी ती, परतणारी ती. एनएफएचएस नावाचा सरकारी सर्व्हे असतो, त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं, आणि त्याच सर्व्हेत २४ टक्के बायकांचं वजन जास्त निघालं. हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मला आधी वाटायचं. आता नाही वाटत, दोन्ही आमच्याच घरात होते, एकाच ओट्याशी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसभराचं ताट दिलंय, २००० कॅलरीचं. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, दूध ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम, दाणे-बिया ३५. डाएटिशियनने हे दाखवलं आणि वर म्हणाली, काकू, आपलं पान वाढायची पद्धत हीच आहे की, फक्त मधलं थोडं कमी करून ती जागा डावीउजवीकडे द्या. तिला म्हणायचं होतं ते असं, की पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये पोळी आणि भाताची मूद, हे सगळं आपल्याकडे आहेच, पण डाव्या बाजूची कोशिंबीर आता चमचाभर झालीये, नाहीतर तिथे नुसतं लोणचं असतं, आणि मधला भात डोंगराएवढा झालाय. कोशिंबीर वाटीभर घ्या. उसळ वाटीभर, घट्ट. मग भाताची मूद खरंच मुदीएवढी राहिली तरी पोट भरतं. भात बंद करायचा नाही हे ऐकून मी त्या मुलीकडे बघतच राहिले, मला वाटलं चुकून म्हणाली.

तेलाचं मात्र मोजायला लावलं. आम्ही घरात चौघं, बाबा गेल्यावर आई आमच्याकडेच असते, आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन लागायचा, आम्हाला ते नॉर्मल वाटायचं. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, भागिले तीस दिवस, भागिले चार माणसं, माणशी ३८ ग्रॅम, आणि तूप-लोणी वेगळंच, हवं २७. एक ग्रॅम तेलाला ९ कॅलरी, म्हणजे रोज माणशी शंभर कॅलरी नुसत्या फोडणीत जास्त. आता साडेतीन लिटर लागतं. काय केलं तर कढईत थेट कॅनमधून ओतायच्या ऐवजी छोट्या पळीने घालायला लागलो, बस. नवऱ्याला चवीत फरक कळला नाही, मुलाला तर नाहीच.

आणि बिरडं. आईला डाएटिशियनने विचारलं तुम्हाला काय आवडतं, तर आई पटकन म्हणाली बिरडं, आणि लगेच म्हणाली पण ते सोलायला वेळ लागतो हो, एकटीसाठी कोण करणार. शंभर ग्रॅम सुक्या वालात वीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. तर आता आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतं. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात गच्च बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे, आणि मग चिमटीत धरून नुसतं दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते, हिरवट पांढरी, मोडाचं शेपूट सांभाळून. साल एका वाडग्यात, डाळिंब्या दुसऱ्यात. मुलगा आधी कंटाळायचा, आता आजीशी पैज लावतो कोण जास्त सोलतं त्याची. आई मालिका बघत बघत न बघता सोलते, बोटांनाच दिसतं तिच्या. आणि हल्ली ती स्वतःच्या वाटीत डाळिंब्या वाढून घेते. पहिल्यांदा वाढून घेतल्या तेव्हा तिने आमच्या सगळ्यांच्या वाट्यांकडे एकदा बघून घेतलं होतं, सगळ्यांना पोचल्यात ना म्हणून. ते बघणं अजून गेलेलं नाही. जाईल की नाही माहीत नाही.

व्यायाम आईचा खुर्चीवरून सुरू झाला. हात छातीशी घट्ट घेऊन, आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं आणि पाचव्याला ती मागे कोसळली, घाबरली, म्हणाली मला वाटत होतं मी चपळ आहे. आता बारा होतात. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन हातात घेऊन वरखाली. रात्री जेवून आम्ही दोघी कचराळी तलावाला पंधरा-वीस मिनिटं चालतो, जेवणानंतरच्या चालण्याने शुगर लगेच चढत नाही हे आईने स्वतः मशीनवर बघितलंय, त्यामुळे आता मी दमले म्हटलं तरी तीच चपला घालून दारात उभी. पावसाळा लागला की शनिवारी सकाळी जांभळी नाक्याला मार्केटात जातो. शहापूर-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी. शेवळांबरोबर काकडं मागून घ्यायची, नाहीतर घशाला खाज सुटते, हे माझ्या डोक्यात आता कुठे पक्कं झालंय, आधी मला भाजीबाजाराला यायला वेळच नसायचा कारण मी जिममध्ये ट्रेडमिलवर कालच्या वडापावची शिक्षा भोगत असायचे.

त्यावरून आठवलं, हा चीट डे, म्हणजे डाएटमधून एक दिवस सुट्टी, हा शब्द मला अजिबात आवडत नाही. चीट म्हणजे फसवणूक, मग मामलेदारची मिसळ खाताना मी नक्की कोणाला फसवतेय? महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही चौघं जाऊन खातो, मीडियम, पाव दोन, वर ताक, आणि घरी येऊन संध्याकाळी नेहमीचंच जेवतो. आधी काय व्हायचं, एक घास मिसळीचा गेला की आजचा दिवस वायाच गेला आता, मग काय, जिलबी पण, आईस्क्रीम पण, आणि सोमवारी उपास. त्या सोमवारनेच माझं जास्त नुकसान केलं असं मला आता वाटतं, मिसळीने नाही.

वजन हळू उतरलं. इतकं हळू की ऑफिसात कुणी काही बोललंच नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. सव्वादोन वर्षांत साडेसहा किलो. ७४ चे साडेसदुसष्ट. कंबर ९४ ची ८७, म्हणजे ८० अजून लांब आहे, आणि बीएमआय २७ च्या वर, म्हणजे भारतीय तक्त्यात मी अजून लठ्ठच मोजली जाते. हे लपवून काय उपयोग. पण ५.९ चं ५.५ झालं, आणि जिने चढताना मी पहिल्या मजल्यावर थांबून मोबाईल बघायचं नाटक करायचे ते आता करावं लागत नाही. डॉक्टरबाई म्हणतात सात-आठ टक्के वजन उतरून टिकलं तरी शरीराला त्याचा मोठा फायदा असतो, पुढचं घाई न करता बघू. आई गोळ्या घेते, ८.९ चं ६.८ आहे, आणि ती साडेअठ्ठेचाळीस किलोची झालीये. तिचं वजन वाढलं म्हणून आम्ही घरात आनंद केला हे ऐकून मावशीला काय बोलावं सुचेना.

एक मात्र सांगायलाच हवं. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात चार ब्लाउज होते, बारीक झाल्यावर घालायचे म्हणून मुद्दाम टाईट शिवून घेतलेले. गोखले रोडच्या गल्लीत आमचे टेलर काका आहेत, वीस वर्षांचे ओळखीचे, मी दर वेळी त्यांना सांगायचे, मापापेक्षा एक इंच कमीच ठेवा काका, मी कमी होणारे. त्यातला एक लग्नातल्या पैठणीवरचा होता, तो मी आईच्या आजारपणानंतर, वजन एकदोन किलोच उतरलं होतं तेव्हा, पिशवीत घालून त्यांच्याकडे नेला. म्हटलं, हे आता असंच होणार नाही काका, माझं अंग आहे हे असं आहे, नवीनच शिवावा लागेल बहुतेक. त्यांनी ब्लाउज उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बाजूची शिवण बोटाने चाचपत म्हणाले, नवीन कशाला ताई, आत माया भरपूर आहे. तुम्ही टाईट करा म्हणायचात, मी करायचो, पण माया कधी कापली नाही. दोन्हीकडे दोन-दोन बोटं ठेवलीये, उसवून देतो. शिवणीत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात हे मला शाळेच्या शिवणाच्या तासापासून माहितीये, पण त्या काउंटरपाशी उभी राहून माझा गळा दाटून आला. त्यांनी तिथल्या तिथे उसवून, टीप मारून दिला. त्याच आठवड्यात शेजारी बारसं होतं, पैठणी नेसले, आणि पंगतीला बसून जेवले, पोट सुटं ठेवून, दुसऱ्यांदा मसालेभात मागून घेऊन. उसवलेल्या जागी कापडाचा रंग जरा गडद दिसतो, आतलं उन्हाला लागलेलं नसतं ना. ती रेघ मला आवडते.

परवाची गोष्ट. ट्रान्सहार्बरची लोकल रखडली होती, ऐरोलीहून घरी पोचायला साडेदहा झाले. सगळे जेवून झोपायच्या तयारीत. मी हातपाय धुतले, इतकी दमले होते की दिवाणखान्यात जाऊन बसायचंसुद्धा त्राण नव्हतं, कढईवरची झाकणी उचलली, त्यातच थोडा भात घेतला, बिरड्याचा रस ओतला आणि ओट्याला टेकून पहिला घास घेणार तेवढ्यात आई पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली. तिने माझ्या हाताकडे बघितलं. काही बोलली नाही. मांडणीवरून ताट काढलं, माझ्या हातातून झाकणी घेऊन भात ताटात पालथा केला, फ्रीज उघडून काकडीची कोशिंबीर काढली ती डावीकडे वाढली, कढईत डाव घालून तळापासून ढवळून डाळिंब्या वर काढल्या आणि वाटी काठोकाठ भरली, लिंबाची फोड ठेवली. ताट नेऊन टेबलावर ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून स्वतः बसली.

"बस," म्हणाली. "आणि ती झाकणी धुऊन कढईवर ठेव आधी, बिरडं उघडं पडलंय."